मन्या, तू हसणार आहेस, तरी सांगतो

प्रिय मन्या,

गणपतीनंतर एक ओळ लिहिली नाही, कबूल. आईचा गुडघा तसाच, माझं पित्त जागच्या जागी. पुढे.

लेका, लिनक्स कर्नलच्या ज्या पॅचवर मी 'रिव्ह्यूड-बाय', म्हणजे तपासल्याची सही, लावली, त्यामुळे लोकांचे गेस्ट, म्हणजे आभासी मशीन, बूटच होईनात. आरसी-३लाच, म्हणजे पक्की आवृत्ती निघायच्या आधीच्या चाचणीतच, सापडलं, तेवढं नशीब.

पॅच साधा होता. बूटलोडर कर्नलला सेटअप-डेटाची, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या तुकड्यांची, साखळी देतो ना, तीत आणखी एक प्रकार वाचायचा. पॅच लिहिणाऱ्या पोरानं आधी तुकड्याचं हेडर मॅप केलं, म्हणजे वाचण्यापुरतं जोडून घेतलं, लांबी वाचली, अनमॅप केलं, मग अख्खा तुकडा मॅप केला. बूटच्या सुरुवातीला असं मॅप करायच्या जागा, म्हणजे फिक्समॅपचे स्लॉट, जेमतेम ८, त्यातला एखादा गळत तर नाही ना, हे मी दोनदा ओळीवर बोट ठेवून तपासलं. आणि बोट ज्या शब्दावर होतं तोच वाचला नाही! साधी मेमरी मॅप करणारं मेमरिमॅप हवं तिथे उपकरणांसाठीचं आयओरिमॅप.

साध्या केव्हीएमवर, म्हणजे एन्क्रिप्शन नसलेल्या आभासी मशीनवर, काहीच फरक पडत नाही. त्यानं तर मेमरी एन्क्रिप्शन चालू करून खऱ्या मशीनवरही बूट केलं होतं. तिथे चालणारच! साखळी एन्क्रिप्शन सुरू व्हायच्या आधीची, उघडी. आणि आयओरिमॅप सी-बिट, म्हणजे 'हे पान एन्क्रिप्टेड' ही खूण, लावतच नाही. पण एसईव्ही, म्हणजे एएमडीनं मेमरी एन्क्रिप्ट केलेल्या, गेस्टमध्ये फर्मवेअरच एन्क्रिप्टेड मेमरीत चालतं, तिथे बरोबर उलटं. सी-बिटशिवाय वाचलं की हाती नुसता कचरा. लांबी म्हणून भलताच आकडा आला. स्लॉटमध्ये मावतात ६४ पानं, म्हणजे २५६ केबी. मॅप नाकारलं गेलं, नल, म्हणजे रिकामा पत्ता, परत आला, तो पोरानं तपासला नाही आणि मीही नाही. कन्सोल उठायच्या आधीच खेळ खलास. स्क्रीनवर एक अक्षर नाही.

कुणीतरी बायसेक्ट करून, म्हणजे बदल निम्मे-निम्मे करत तपासून, नेमका तो कमिट काढला. खाली दोन नावं, त्याचं आणि माझं. आणि रात्री त्या पोराचा निरोप: 'सर, सगळी चूक माझी.' सर! मला! दोन दिवस उत्तर सुचलेलं नाही.

गच्चीवरचं भांडण आठवतंय? बूट केल्याशिवाय सही करायची नाही, म्हणून तू अडून बसला होतास आणि मी म्हटलं होतं, तलाठीसुद्धा सातबाऱ्यासाठी इतकं छळत नाही. शब्द मागे घेतो. अर्धा.

आता फिक्स कोणी पाठवायचा? तसा एका शब्दाचा. म्हणजे दोन, अनमॅपही बदलावा लागतो, शिवाय नलची तपासणी. मी पाठवला तर पोराची चूक चव्हाट्यावर मांडल्यासारखं होईल. त्यानं पाठवला तर खाली पुन्हा 'रिव्ह्यूड-बाय' कुठल्या तोंडानं लावू? अण्णाला विचारलं, तो म्हणाला चहा पी.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिमीला दात आले म्हणे. वहिनींना नमस्कार, आणि त्यांचा डबा अजून माझ्याकडेच आहे.

तुझ्याकडे एएमडीच्या एपिक प्रोसेसरचं मशीन आहे ना? शनिवारी एक एसईव्ही गेस्ट उठव. पोरालाच पाठवायला सांगतोय, पण तू बूट करून पाहीपर्यंत मी कशावरही सही करत नाही.

तुझा,
बंड्या