सापाच्या नाकाचा शेंडा

वेंगुर्ले,
दि. १८ जुलै

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे परवा मिळाली. भाचा परदेशी जाताना त्याचा बॉल पायथन, म्हणजे पाळलेला आफ्रिकी अजगर, तुझ्याकडे ठेवून गेला, आणि ती जबाबदारी तू किती मनापासून घेतली आहेस, हे पत्राच्या ओळीओळीतून कळले. वरच्या ओठाच्या मधोमध, अगदी पुढे असलेला मोठा खवला गुलाबी पडून सोलवटलेला दिसतो आहे आणि डावीकडे लहानशी खपली धरली आहे. तू विचारले आहेस की यावर कोणते मलम लावावे. मलमाविषयी मी पुढे लिहिणारच आहे, परंतु त्याआधी तिसऱ्या छायाचित्राकडे पुन्हा एकदा नीट पाहा. पेटीच्या झाकणाची तारेची जाळी त्यात आली आहे आणि एका कडेला, वीतभर लांबीत, तारांवर तांबूस डाग आहेत. साप रोज रात्री त्याच एका रेषेत नाक घासत फिरतो आहे. ते झाकण बदलल्याशिवाय कोणतेही मलम टिकणार नाही.

खवला गेला म्हणजे नेमके काय गेले, ते आधी सांगतो. आपण किनाऱ्यावरची माणसे, लहानपणापासून मासळी साफ करताना पाहत आलो. सुरी उलटी फिरवली की माशाचे खवले एकेक करून सुटतात. सापाचे तसे नसते. त्याचे खवले हे कातडीवर बसवलेले सुटे तुकडे नसून कातडीच्याच जाड, दुमडलेल्या घड्या असतात, आणि आपली नखे ज्या केराटिनची बनतात त्याच द्रव्याचे कवच त्यांच्यावर असते. म्हणून सापाचा खवला उचकटला की कातडीलाच जखम होते. जखम वरवरची असेल तर एक-दोन कातींनंतर जागा पुष्कळ सुधारते. खोल असेल तर तिथे गुळगुळीत वण राहतो, आणि पुढे दर वेळी कात त्याच ठिकाणी अडकते. नाकाच्या बाबतीत तर धोका आणखी आहे. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या लहान खाचांची रांग असते, आणि लगेच आत हिरड्या. घासण्याची जखम आत उतरली तर तोंड सडू लागते, आणि ते दुखणे बरे करणे फार जिकिरीचे होऊन बसते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. साप सोडवण्याच्या कामाला लागून मला दोन-तीन वर्षेच झाली असतील, तेव्हाची गोष्ट. आषाढातल्या एका संध्याकाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेल्या नायलॉनच्या जाळ्यात अडकलेली धामण मी कापून मोकळी केली. सहा फुटांच्या पुढची, धष्टपुष्ट. पाऊस असा कोसळत होता की तिला त्या रात्री सोडायला जाणे शक्य नव्हते. वनरक्षकांना कळवले, ते सकाळी येतो म्हणाले. मी तिला तारेच्या जाळीचे दार असलेल्या लाकडी खोक्यात ठेवले आणि भरपूर हवा लागेल म्हणून मनाशी समाधान मानले. रात्री केव्हातरी जाग आली तेव्हा पावसाच्या आवाजाखाली एक बारीक खर्र-खर्र ऐकू येत होती. उंदीर असेल असे समजून मी कूस वळवली. सकाळी पाहतो तो जाळीच्या तळाशी, जमिनीपासून चार बोटांवर, एका सरळ ओळीत तारांना रक्त लागून वाळलेले, धामणीच्या नाकावरचा खवला अर्धा उचकटलेला, आणि तरीही ती त्याच ओळीत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नाक दाबत फिरते आहे. जाळ्यातून तिला ओरखडाही न पडता सोडवले होते. जखम झाली ती माझ्या घरात. वनरक्षकांनी पशुवैद्यांना दाखवून ती बरी होईपर्यंत थांबण्यास सांगितले. त्या दिवशी मी खोक्याचे दार आतून फळीने बंद केले, बाजूंना बोटाएवढी भोके पाडली आणि आत दुमडलेले गोणपाट टाकले. त्याच रात्री घासणे थांबले. तेव्हापासून पकडलेला साप मी सुती अभ्र्यातच ठेवतो, आणि अभ्रा उलटा करून, म्हणजे शिवण बाहेर राहील असा, कारण आतल्या सुट्या दोऱ्यांत सापाचे दात अडकतात.

त्या धामणीने मला जे शिकवले तेच तुझ्या पायथनला लागू आहे, जरी दोघांचे स्वभाव अगदी वेगळे असले तरी. धामण दिवसा हिंडणारी, चपळ आणि घाबरट. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, रात्री फिरणारा आणि दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात अंग आवळून बसणारा. पण काच म्हणजे भिंत हे दोघांनाही उमगत नाही. पलीकडे उजेड दिसतो, जाळीतून बाहेरचा वास येतो, तेव्हा वाट असलीच पाहिजे असे धरून साप नाक पुढे सारतो, आणि अडले की आणखी जोराने सारतो. तो हट्टी आहे किंवा चिडला आहे असे मानू नकोस. त्याला काहीतरी कमी आहे किंवा काहीतरी सोसवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कधी लपायला जागा नसते, कधी पेटी फार तापलेली असते, कधी भूक असते, आणि थंडीच्या दिवसांत नर मादीच्या शोधात अस्वस्थ होतात. तुझ्याकडे मला दोन कारणे दिसतात. साडेतीन फुटांचा साप दोन फुटांच्या माशांच्या टाकीत, तीही ओटीवर, जिथे दिवसभर येणेजाणे चालू आहे. आणि लपण्यासाठी आत काय, तर फक्त पाण्याचे भांडे.

तेव्हा आता असे कर. नवी पेटी होईपर्यंत आजच टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून जाड खाकी कागद लाव आणि ती ओटीवरून उचलून माजघराच्या शांत कोपऱ्यात ठेव. झाकणाच्या जाळीला आतल्या बाजूने प्लायवूडची फळी बसव, कडा घासून गुळगुळीत कर आणि हवेसाठी भोके पाड. भोकांच्या कडाही काचकागदाने मऊ झाल्या पाहिजेत. नंतर सुताराकडून चार फूट लांब, दोन फूट रुंद अशी लाकडी पेटी करून घे, पुढे सरकती काच असलेली, म्हणजे साप अंग पूर्ण सरळ करू शकेल. लपायच्या जागा दोन हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला, नाहीतर सापाला ऊब आणि आसरा यांतले एकच निवडावे लागते. जागा ऐसपैस नको. अंगाला चहूबाजूंनी टेकेल इतकी घट्ट असेल तरच त्याला ती बिळासारखी वाटते. तुमच्या श्रीवर्धनात पोफळीच्या विऱ्यांना, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद, चिवट आवरणांना, तोटा नाही. चांगली वाळलेली, आपोआप गुंडाळलेली मोठी विरी धुऊन, उन्हात तापवून आत पालथी ठेव. त्यासारखा आसरा बाजारात विकत मिळणार नाही. पिल्लू असते तर नारळाची अर्धी करवंटीसुद्धा पुरली असती.

शोभेसाठी ठेवलेला जांभ्याचा दगड मात्र आधी बाहेर काढ. सापाला कात टाकताना काहीतरी खरखरीत लागते हे तुझे म्हणणे खरे आहे, पण जांभ्याची छिद्रांची धारदार तोंडे म्हणजे कानसच. त्याऐवजी आंब्याची किंवा पेरूची सालीसकट जाड फांदी आडवी ठेव. तेवढा खरबरीतपणा पुरतो.

कातीचा विषय निघालाच आहे तर एक भेद सांगून ठेवतो, कारण यात पुष्कळ जण फसतात. कात येण्याआधी सापाचा रंग मंदावतो, डोळे निळसर दुधाळ होतात, मग तीन-चार दिवसांनी पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो ओठांच्या कडेपासून जुनी कातडी सोडवू लागतो. त्या वेळी तोही नाक घासतो, पण ते थोडा वेळ, फांदीवर किंवा भांड्याच्या कडेवर, आणि त्यात खवला लालसर होत नाही. रात्रीमागून रात्री एकाच काचेवर, एकाच कोपऱ्यात चाललेले घासणे ते हे नव्हे. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली तर चिमटीत धरून ओढू नकोस, कारण खालची कोवळी कातडी बरोबर येते आणि खवले जातात. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या टॉवेलमधून त्याला वीसेक मिनिटे आपला आपण सरपटू दे. ओलसर कात कापडालाच लागून निघते. डोळ्यांवरच्या पापुद्र्याला तर हातसुद्धा लावू नकोस. सापाला पापण्या नसतात, तो पारदर्शक पापुद्राच त्याच्या डोळ्याचे रक्षण करतो, आणि जुना समजून नवा ओढला तर डोळा जातो.

आता पोटाकडे वळतो. तू लिहिले आहेस की ओलावा राहावा म्हणून दिवसातून दोनदा पेटीत पाणी फवारतोस. हा सल्ला ज्या मुलखातून आला तिथे तो बरोबर असेल, पण आषाढ-श्रावणात आपल्या हवेत नव्वद टक्क्यांच्या आसपास दमटपणा आपलाच असतो, आणि या सापाला एरवी पन्नास ते साठ टक्के पुरतो, कातीच्या दिवसांत जरा जास्त. त्यात तळाला नारळाच्या सोडणाचा भुसा, जो एकदा भिजला की आठ-आठ दिवस सुकत नाही. साप त्या ओलीवर पडून राहिला की पोटाखालच्या रुंद खवल्यांच्या कडा आधी तांबूस-तपकिरी होतात, मग पाण्याने भरलेले फोड येतात आणि शेवटी खवले कुजून सुटतात. पावसाळाभर फवारा बंद ठेव, भुसा काढून वर्तमानपत्राचे थर घाल आणि ओले झाले की त्याच दिवशी बदल. दर चार दिवसांनी त्याला उचलून पोटाची बाजू उजेडात पाहा. पौष-माघात मतलई वारे सुटून हवा कोरडी पडते आणि आपलेही ओठ फुटतात, तेव्हा ओलाव्याची गरज असते; तीही कात येण्याच्या सुमारास, ओलसर शेवाळ घातलेल्या झाकणाच्या डब्यात, सबंध पेटीत नव्हे.

उष्णतेबाबत एवढेच, की उबदार बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५ ते २७ अंश ठेवायची. गरम होणारी चटई पेटीच्या बाहेर, खालून, आणि थर्मोस्टॅटशिवाय कधीही नाही. पोट भाजते आहे हे सापाला वेळेवर कळत नाही आणि तो तिथेच पडून राहतो. वैशाखात उलट काळजी घ्यावी लागेल, कारण पेटी तापली की तो पुन्हा नाक घासू लागेल. पेटीत कुठेही चिकटपट्टी लावू नकोस, थर्मामीटर अडकवायलासुद्धा. अंगाला ती चिकटलीच तर ओढायची नाही, खोबरेल तेल सोडून हळूहळू सुटू द्यायची. जिवंत उंदीर पेटीत सोडू नकोस. भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो. पाण्याच्या भांड्यात किंवा डोळ्यांच्या कडेला मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके हलताना दिसले तर ते गोचिडांच्या जातीचे बारीक जीव आहेत, आणि त्यांच्या खाजेनेही साप तोंड घासतो.

आता तुझ्या मलमाकडे येतो. सलाईनने नाक हलक्या हाताने स्वच्छ कर. पोविडोन आयोडीन पाण्यात इतके पातळ कर की रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसेल, आणि कापसाच्या काडीने दिवसातून एकदा टेकव. नाकपुडीत जाऊ देऊ नकोस. वेदना कमी करणारे औषध मिसळलेली माणसांची मलमे लावू नकोस, ती सापांना बाधतात. काकूंनी मायेने हळद लावायला सांगितली आहे हे वाचून बरे वाटले, पण पूड नाकपुड्यांत अडकते आणि जखमेचा रंगही झाकला जातो, म्हणून त्यांना माझ्या वतीने समजावून सांग. हिरड्या सुजल्या, तोंडाच्या कडेने फेस दिसला किंवा पनीरच्या कणांसारखा पांढरा पू आढळला, तर घरचे उपचार थांबवून ज्याने सापांवर उपचार केलेले आहेत अशा पशुवैद्याकडे त्याच दिवशी ने. सापाचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, घट्ट असतो, त्यामुळे तो आपोआप वाहून जात नाही. जखम भरेपर्यंत त्याला हाताळणे कमी कर आणि आठवडाभर खायला देऊ नकोस. उंदीर धरताना तोच भाग पुन्हा दुखावतो.

एक कागदपत्रांचे. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते आणि मालक बदलला तर तेही कळवावे लागते. भाच्याने ते केले आहे का, हे त्याला विचारून घे. शेजारचा मुलगा धामणीचे पिल्लू आणून देतो म्हणाला आहे, त्याला मात्र स्पष्ट नाही म्हण. आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, आणि कायदा नसता तरीही पेटीतल्या धामणीचे काय होते ते मी वर लिहिलेच आहे.

झाकणाला फळी लावल्यावर पहिल्या तीन रात्री, दिवा न लावता, पेटीजवळ थोडा वेळ बसून ऐक. खर्र-खर्र थांबली की नाही ते मला लगेच कळव, आणि पुढची कात पडली की नाकाचे छायाचित्र जवळून घेऊन पाठव. श्रावणात रोह्यापर्यंत येण्याचा विचार आहे. तेव्हा श्रीवर्धनला उतरून नवी पेटी पाहून जाईन.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार.

तुझा,
अरविंद