डाळिंबाच्या बिया उकिरड्यावर का?

संपादक महोदय,

सांगोला-मंगळवेढ्याकडची डाळिंबं आमच्याकडे रसासाठी येतात. रस काढला की मागे बियांचा गुलाबी, चिकट ढीग उरतो. सोलापूरच्या उन्हात दुपारपर्यंत त्याला आंबूस वास सुटतो आणि सगळा माल उकिरड्यावर जातो. जीव तुटतो हो! या बियांच्या तेलात निम्म्याहून अधिक प्युनिसिक आम्ल हे मेदाम्ल असतं, सौंदर्यप्रसाधनांत ते वापरतात.

हेक्झेन या द्रावकानं, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवानं, तेल निघतं, पण मग तो द्रावक तापवून काढून टाकावा लागतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार दाबाच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) पुढे तो वायूसारखा बियांच्या भुकटीत शिरतो आणि द्रवासारखा तेल विरघळवतो. दाब वाढवला की घनता वाढते, तशी विरघळवण्याची ताकदही. १०० बारच्या आसपास हलके, सुगंधी पदार्थ निघतात. बियांच्या तेलाला ३०० बार किंवा अधिक लागतात. साखरेला तो शिवतही नाही. सालीतली पॉलिफेनॉल ही ऑक्सिडीकरण रोखणारी संयुगं हवी असतील तर सोबत थोडं इथेनॉल (अल्कोहोल) द्यावं लागतं. शेवटी दाब सोडला की वायू निघून जातो, तेल तेवढं खाली राहतं.

एवढ्या दाबाचं यंत्र एकट्याला झेपणारं नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता चिंचोळी एमआयडीसीत सरकारनं एक सामायिक केंद्र उभारावं. तिथे आधी बिया वाळवण्याची सोय हवी. ओल्या बियांतून तेल नीट उतरत नाही.

– एक लघुउद्योजक, सोलापूर