डब्लिनला जायचं ठरलंय

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

फोनवर आईचा आवाज ऐकला की माझे शब्दच अडतात, म्हणून लिहितेय. डब्लिनची पीएच.डी.ची जागा मी घेतली आहे. होकार कळवून झाला, सप्टेंबरात निघायचं. आधी विचारलं असतं तर तुम्ही दोघं लगेच "जा" म्हणाला असतात आणि रात्रभर जागले असतात. दादाच्या वेळी झालं तसं होणार नाही, आई. शिक्षण संपलं की मी नागपुरात येणार.

बाबा, काम तुमच्याच ओळखीचं आहे. तुमच्या एसटीत मी तुमच्या शेजारी बॉनेटवर बसलेली असायची आणि कन्हानच्या जुन्या पुलावर तुम्ही गाडी हळू करायचात. म्हणायचात, पुलाची तब्येत स्टिअरिंगमधून हाताला कळते. आता तेच सेन्सरनं करायचं. तो गाडीच्या अ‍ॅक्सलवर बसवायचा. प्रत्येक पूल सेकंदाला ठरावीक वेळा थरथरतो. तडे गेले, ताकद घटली की तो आकडा उतरतो. चालत्या गाडीतून हा आकडा काढता येतो, हे तैवानच्या संशोधकांनी २००४ मध्येच मांडलं. पूल बंद ठेवायला नको, त्यावर चढायलाही नको.

पण सेन्सरला पुलाआधी खड्डे आणि गाडीच्या स्प्रिंगाच ऐकू येतात. आपल्या मे महिन्यातल्या उन्हानंही आकडा हलतो. म्हणून एका फेरीवर भरवसा नाही, त्याच पुलावरून वर्षभर जाणारी गाडी हवी. आणि गावोगावच्या पुलांवरून रोज जाणारी एसटीच ना? महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ ला रात्री पुरात कोसळला, दोन एसटी वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. तसल्या पुरात हे पुरेल असं मी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षं आतून खचणारा पूल आधी सापडावा, आणि तो आपल्या एसटीनं शोधावा, एवढ्यासाठी जातेय.

आई, खोलीत हीटर आहे, डाळ-तांदूळ मिळतात, छोटा कुकर नेतेय. गोळाभात मात्र तिथे करणार नाही. गोळा कुस्करून त्यावर हिंगाचं गरम तेल तूच घालायचं, मी दहावीला होते तरी घालायचीस तसं.

आता दोघांनीही ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, बरं वाटलं तरी बंद करायची नाही. बाबांनी कूलरसाठी बादल्या उचलायच्या नाहीत, नळाला पाइप लावून दिलाय. उन्हाळ्यात दुपारी बर्डीला जायचं नाही. आणि आई, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे या महिन्यातच जा. मी येईपर्यंत थांबू नकोस.

तुमची,
चिऊ