धामणीच्या अंड्यांची पेटी

सोलापूर,
१२ जुलै

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

पायाच्या खोदकामात निघालेली धामणीची नऊ अंडी तुझ्याकडे आल्याचं समजलं. आधी वनविभागाला लेखी कळव. १९७२चा वन्यजीव कायदा आहे, परवानगीशिवाय ती ठेवता येत नाहीत. अंडी उलटीपालटी करू नकोस, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण कर. चिकटलेली ओढून सोडवू नकोस.

अंडी उबवायला तू म्हणतोस तो शंभर वॅटचा बल्ब मात्र अजिबात नको. अंडी वरून सुकतात, कोपरे गार राहतात आणि थर्माकोल वितळून पेटू शकतो. ऊब पाण्यातून दे, ती सगळीकडे सारखी पोचते. मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत प्लास्टिकचा टब ठेव, त्यात चार बोटं पाणी आणि फिशटँकचा ५० वॅटचा, आडवा चालणारा हीटर. टबात दोन विटा, त्यांवर अंड्यांचा डबा. डब्यात वर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं, भुसभुशीत खनिज) आणि पाणी वजनाने समसमान. मूठ दाबली तर थेंब गळता कामा नये. अंडी त्यात निम्मी पुरलेली.

आता जिवाची गोष्ट. हीटर एसटीसी-१००० कंट्रोलरवरून चालव, तो तापमान बघून हीटर चालू-बंद करतो: २९ अंश, फरक ०.५, म्हणजे अर्धा अंश उतरला की हीटर पुन्हा चालू. सेन्सर पाण्यात नको, अंड्यांच्या उंचीवर डब्याला पक्का बांध. तो निसटून पेटीबाहेर पडला, तर कंट्रोलर खोलीची हवा मोजत बसतो आणि हीटर बंदच होत नाही. कंट्रोलरमधला रिले, म्हणजे आतला स्विच, चिकटला तरी तेच. म्हणून हीटरची स्वतःची तापमानाची चकती ३२ वर ठेव. कंट्रोलर फसला तरी पाणी ३२ च्या फार वर जाणार नाही. गारवा अंडी काही तास सोसतात, लाइट गेली तर घाबरू नकोस. पण ३५ अंशांत पिल्लं आतच मरू शकतात.

पाणी आधी तापतं, हवा मागून. त्यामुळे पहिल्या दिवशी आकडा एक-दोन अंश पुढे जाईल. पेटी दोन दिवस रिकामी चालवून बघ. तोवर अंड्यांचा डबा माळवदाच्या खोलीत सावलीला राहू दे. सेन्सर खरं सांगतो का, हे ३७ अंशांच्या कोमट पाण्यात तापाच्या थर्मामीटरशी ताडून बघ.

रोज पाण्याची पातळी बघ. हीटर उघडा पडला की काच तडकू शकते. पाणी घालण्याआधी प्लग काढ, पंधरा मिनिटं थांब आणि कोमट पाणीच घाल. वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबू दे, म्हणजे थेंब सॉकेटात न शिरता खाली गळतात. आणि विजेची गळती झाली की लगेच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर वायरमनला आजच बोलाव. झाकणाची एक बाजू जरा उंच ठेव, म्हणजे वाफेचं पाणी अंड्यांवर न पडता कडेने ओघळेल. अंड्यांना खळी पडली तर डब्याच्या कडेने चमचाभर पाणी सोड, अंड्यांवर नाही.

रात्री चादर गुंडाळायची तर पेटीला गुंडाळ, कंट्रोलर मोकळा ठेव. दोन दिवसांचे सकाळ-दुपार-रात्रीचे आकडे लिहून पाठव. ते बघून मी सांगेन, मगच अंडी आत ठेव.

तुझा,
सुधीर