अक्षरे वाचून घेणे म्हणजे डोळ्यांची संपूर्ण तपासणी नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कालच्या अंकात शहरातील मोफत शिबिराची बातमी छायाचित्रासह आली आहे. शिबिर भरवणाऱ्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. परंतु बातमीत ‘डोळ्यांची संपूर्ण तपासणी’ असे जे म्हटले आहे, त्याला माझी स्पष्ट हरकत आहे. छायाचित्रात दिसतो तो भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आणि टेबलावर मांडलेले चष्मे. त्यावरून चष्म्याचा नंबर कळतो, डोळ्याचा आजार कळत नाही.

माझे थोरले बंधू पूर्व भागातील एका टॉवेल कारखान्यात यंत्रमागावर होते. अशाच एका शिबिरात त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा बिनचूक वाचली, तेव्हा ‘सहा बाय सहा, नजर उत्तम’ असे सांगून त्यांना जवळचा चष्मा देण्यात आला. पुढे डाव्या बाजूच्या मागावर ताण्याचा धागा तुटला तरी त्यांच्या ध्यानात येईना, मालाला दोष येऊ लागला, दाराच्या चौकटीला खांदा लागू लागला. आणि नजर उत्तम असल्याचे एकदा सांगितले गेल्यामुळे डोळ्यांची शंका कोणालाच आली नाही. नेत्रतज्ज्ञांनी काचबिंदूचे निदान केले, तोवर डाव्या डोळ्याच्या नसेची बरीच हानी होऊन गेली होती.

ते निदान कसे झाले, हे मी जवळून पाहिले आहे. डोळा बधिर करणारा थेंब घालून डॉक्टरांनी डोळ्यातील दाब मोजला, बाहुली मोठी करून आतील नस पाहिली आणि नंतर पुन्हा बोलावून फील्ड टेस्ट, म्हणजे कडेपर्यंतच्या नजरेची तपासणी, केली. एक डोळा झाकून, यंत्राच्या वाटीत समोर नजर खिळवून ठेवायची आणि कडेला प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचे, अशी ती चाचणी. यंत्राची टकटक मला शेजारी ऐकू येत होती आणि बंधूंचा अंगठा बटणावर तसाच थांबलेला होता.

काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी जाते, मधली बराच काळ शाबूत राहते, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. म्हणूनच असा रुग्ण तक्ता सहज वाचतो. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने बहुतेकदा परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. केवळ दाब मोजूनही भागत नाही, कारण पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर या सर्वसाधारण मर्यादेत दाब असतानाही काहींची नस खराब होते. मधुमेहींच्या डोळ्यातील पडद्याचेही तसेच : नजर स्वच्छ असतानाच आत रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो. डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्येच दिले. ते न वापरता झालेल्या तपासणीला ‘संपूर्ण’ कसे म्हणता येईल?

काचबिंदू कुटुंबात चालतो, त्यामुळे डॉक्टरांनी आम्हा भावंडांनाही बोलावून घेतले आणि धाकट्या बहिणीचा दाब वाढलेला आढळला. तिची नस अजून चांगली आहे व रोजच्या थेंबांवर दाब आटोक्यात आहे. शिबिरात मात्र घरात कोणाला काचबिंदू आहे का, एवढेही कोणी विचारले नव्हते.

याच अनुषंगाने आणखी एक तक्रार नोंदवतो. कारखान्यातील कापसाच्या कणांनी डोळे लाल झाले की कामगार औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंब आणतात आणि आराम पडतो म्हणून महिनोन्महिने घालत राहतात. त्यांत स्टेरॉइड असले तर डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि त्यातून काचबिंदू होऊ शकतो. मागेल त्याला अशी बाटली देणाऱ्या दुकानदारांना कोणी जाब विचारत नाही, याचा मला संताप येतो.

आपणास विनंती एवढीच, की यापुढे शिबिराची बातमी देताना किती चष्मे वाटले याबरोबर डोळ्यातील दाब मोजला का, बाहुली मोठी करून पडदा व नस पाहिली का आणि संशयित रुग्णांना पुढे कोठे पाठवले, हेही आयोजकांना विचारून छापावे. जेथे केवळ नंबर काढला असेल, तेथे ‘चष्मा शिबिर’ असेच शीर्षक द्यावे.

आपला,
एक वाचक, सोलापूर