स्वराज द्वीपावरच्या मावशींचे आणि रिक्षावाल्या दादांचे आभार

अंदमानातल्या स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, आम्ही पती-पत्नी सुट्टीसाठी गेलो असताना खवळलेल्या समुद्रामुळे परतीची बोट रद्द झाली, आणि त्याच दुपारी काळापत्थर किनाऱ्यावर प्रवाळाच्या धारदार तुकड्याने पत्नीच्या पायाचा तळवा खोलवर चिरला. मोबाइलला रेंज नव्हती. शहाळी विकणाऱ्या बंगाली मावशींनी क्षणाचाही विचार न करता स्वतःचा धुतलेला गमछा फाडून जखम घट्ट बांधली. रिक्षावाल्या दादांनी आम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, टाके घालून होईपर्यंत ते बाहेर थांबले आणि भाडे मात्र घेतलेच नाही. त्या रात्री मावशींनी आम्हाला घरी ठेवून घेतले, पत्नीच्या पायाखाली चादरीची घडी सरकवली आणि गरम मसूरडाळ-भातावर लिंबू पिळून दिले. मावशी, दादा, तुम्हा दोघांचे मनःपूर्वक आभार.