कोकणातले शाहीर का वगळले?

आपल्या रविवार पुरवणीतील शाहिरी परंपरेवरचा लेख आवडला. मात्र त्यात कोकण कुठेच नाही, याची खंत वाटली. शाहीर तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यावर लेखकाने भरभरून लिहिले आहे. त्या पोवाड्याचे नायक तानाजी मालुसरे यांचे उमरठे पोलादपूर तालुक्यातले, म्हणजे कोकणातलेच.

पोवाडा गातो तोच शाहीर, हे गृहीतकच अपुरे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीत शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन पक्षांतल्या सवाल-जवाबाच्या गाण्यांचे, सामने रंगतात. मधोमध ढोलकी, झांजा घेऊन शाहीर नि साथीदार बसतात, भोवती पायात चाळ बांधलेले नाचे फेर धरतात. तुरेवाले शिवाला थोर मानतात, शक्तीवाले शक्तीला. प्रतिपक्षाच्या सवालाला तिथल्या तिथे पदातून जवाब द्यायचा, ही शाहिरी नाही तर काय? पुढील लेखात या शाहिरांना जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, गुहागर